फॅमिली ग्रुप: घोड्यांची फेरी आणि पाच पानं

मधले काका: सगळ्यांना राम राम. संक्रांतीनंतरच्या रविवारी घोड्यांची फेरी ठरली. नऊ स्वार, बारा किलोमीटर. मोठ्या विहिरीपासून पांदणीनं नाल्यापर्यंत अन् संत्र्याच्या बगीच्यावरून परत. वाटेत पाच ठिकाणी आपली माणसं पत्ते घेऊन बसतील. प्रत्येक स्वारानं तिथं एक पान उचलायचं. शेवटी ज्याची पाच पानं भारी, तो जिंकला.

लहान आत्या: घोडे अन् पत्ते? हे कोणी काढलं बाप्पा?

नागपूरचा भाचा: मी सांगितलं आत्या. अमेरिकेत ह्याला पोकर राइड म्हणतात. तिथले घोडेस्वारांचे क्लब प्रवेश फी घेऊन असे कार्यक्रम करतात, त्यातून एखाद्या कामाला निधीही उभा करतात.

लहान आत्या: म्हणजे जुगारच की. गावात नाव निघन.

मधले काका: फी नाही, पैसा नाही, कोणी काही लावणार नाही. आपल्याकडे 1887 चा जुगारबंदीचा कायदा आहे अन् तो मला ठाऊक आहे. बक्षीस म्हणून दहा किलो हरभरा, तोही जिंकणाऱ्याच्या घोड्याला. एका दिवसात खाऊ घालू नका फक्त. घोड्याला उलटी करता येत नाही, जास्त दाणा पोटात गेला की पोटशूळ उठतो अन् जनावर हातचं जातं.

मोठी वहिनी: पानं तीन पत्तीसारखीच मोजायची ना? मला तेवढंच येतं.

नागपूरचा भाचा: थोडा फरक आहे वहिनी. तीन पत्तीत सिक्वेन्स रंगाच्या वर असतो. इथं उलटं, पाचही बदाम किंवा पाचही इस्पिक आले तर ते साध्या सिक्वेन्सच्या वर, कारण पाच पानं एका रंगाची जमणं जास्त अवघड. निम्म्याच्या आसपास लोकांच्या हातात तर साधी जोडीही येत नाही. तेव्हा नुसता एक्का आला तरी हिरमुसू नका.

लहान आत्या: पण जो मागून येईल त्याला उरलेली भिकार पानंच राहतील ना?

मधले काका: हाच प्रश्न पाहिजे होता. नाही राहत. एकच कॅट सगळ्यांसमोर पिसायचा, पालथ्या पानांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे करायचे, दोन पानं बाजूला. एका ठिकाणी एक गठ्ठा. पानं पालथी, त्यामुळं पहिला आला काय अन् नववा आला काय, संधी सारखी. नवव्यालाही दोन पानांतून निवड आहे.

अन् पत्ते घालण्याचं कारणच ते आहे. मागच्या वर्षी पोट्ट्यांनी ह्याच पांदणीत शर्यत लावली. आपली लाल घोडी धुऱ्यावरून शेतात उतरली अन् पऱ्हाटीचा तिरपा कापलेला खुंट तिच्या खुरात घुसला. दीड महिना ती तीन पायांवर उभी होती. रोज सकाळी कोमट पाण्यानं मी खूर धुवायचो, ती मान वळवून माझ्या खांद्यावर ठेवायची. ते मी विसरलो नाही. पुढं जाऊन काही मिळत नसलं की कोणी टाच मारत नाही. म्हणून पत्ते.

धाकटा दादा: काका, मी त्या दिवशी होतो. मी पांढऱ्या घोडीवर पूर्ण वाट पायचालीनंच जाईन.

मधले काका: हाव. पायचालीनं घोडं तासाला सहा किलोमीटर जातं, म्हणजे चालायला दोन तास, थांबे धरून तीन. थांब्यावर आधी घोड्याला पाणी, मग पान. पहिल्या थांब्यावर तंग पुन्हा आवळा. खोगीर चढवताना घोडं पोट फुगवून धरतं, थोडं चाललं की तंग ढिला पडतो अन् स्वार बाजूला घसरतो. नाला ओलांडल्यावर चारही खूर उचलून पाहा, बारीक गोटा अडकला असेल तर तिथंच काढा.

मोठी वहिनी: नाल्यापलीकडं झटका मशीनच्या तारा आहेत. रानडुकरांसाठी लावलेल्या.

मधले काका: बरं आठवलं वहिनी. त्या कास्तकाराला शनिवारी भेटून येतो, सकाळभर मशीन बंद ठेवायला सांगतो. तरी तिथं सगळ्यांनी उतरून लगाम धरून चालायचं. तुरीतून रोही उठला अन् घोडं तारेकडं बिचकलं तर खाली उभा माणूस आवरू शकतो, वर बसलेल्याचं काही चालत नाही. पांढरी लाथ मारते, तिच्या शेपटीला लाल फीत बांधा. तिच्या मागं कोणी चिकटायचं नाही.

आजी (नातीच्या फोनवरून): कॅट मी पिसणार.

मधले काका: तुम्हीच पिसा जी.

लहान आत्या: बगीच्याजवळचा थांबा मला द्या. गठ्ठा पदराखाली धरून बसते, वाऱ्यानं पानं उलटायला नको. पाण्याच्या दोन बादल्या अन् गूळ घेऊन येते. लाल घोडी येणार आहे का?

मधले काका: येणार आहे. बसायचं कोणी नाही तिच्यावर. मी शेवटी तिला हातात धरून चालवत आणतो.