पोकळ लाकडी सर्फबोर्डाला काय लावावं? इपॉक्सी, मेलामाइन की जवसाचं तेल

शहापूरचा रंधा
८ फुटी पोकळ बोर्ड जोडून झालाय. वरची-खालची फळी शिवण लाकडाची, ५ मिमी. कडा आणि मधली पट्टी सागवानी. बोर्ड राहणार बेळगावात, पाण्यात उतरणार कारवार आणि गोव्याला. दुकानदार मेलामाइन सांगतात, कुणी जवसाचं तेल, कुणी होडीचं पॉलिएस्टर रेझिन. नेमकं काय लावू आणि किती आणू?

कारवार किनारा
मेलामाइन घरातल्या फर्निचरचं काम. फळी ओलीनं फुगली की तो कडक थर तडकतो आणि तिथूनच पाणी शिरतं. हवाईत अखंड लाकडाचे बोर्ड कुकुईच्या बियांच्या तेलानं घासत, पण त्यांना पोकळी नव्हती. तुमच्या बोर्डात ओल गेली तर वाळायला वाट नाही. शिवाय तेल पाजलेल्या लाकडावर पुढं इपॉक्सी धरत नाही.

फायबरची होडी मुळात पॉलिएस्टरचीच असते, म्हणून तिथं ते बसतं. लाकडावर त्याची पकड कमी, तेलकट सागवानावर तर फारच कमी. तुम्ही ४ औंसाचं (चौरस यार्डाला ४ औंस वजनाचं) काचतंतूंचं फायबर कापड आणि इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर, घ्या. भिजल्यावर कापड दिसेनासं होतं, शिवणीचा रंग तसाच राहतो. दोन्ही बाजू मिळून साधारण २ चौ.मी. भरतात, सगळे थर आणि नासाडी धरून दीड किलो मिश्रण पुरावं.

खानापूर सुतारकाम
वरच्या उत्तरात भर. फळीची ओल १२ टक्क्यांखाली हवी, म्हणून पावसाळ्यात हात लावू नका. आपल्याकडं वळीव सुरू व्हायच्या आधीचे फेब्रुवारी-मार्च उत्तम.

१२० नंबरच्या पेपरनं घासा, सागवान ॲसिटोननं पुसा आणि लगेच पहिला पातळ हात द्या. तो दुपारी ४ नंतर, ऊन उतरताना. सकाळी लावलात तर लाकूड तापतं, आतली हवा फुगून बाहेर येते आणि रेझिनभर बुडबुडे. उतरत्या उन्हात उलट लाकूड रेझिन आत ओढून घेतं.

हार्डनर काट्यावर मोजा, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. लवकर वाळावं म्हणून वाढवलात तर ते कायम चिकट राहतं. एका वेळी २०० ग्रॅमच कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता; खोल डब्यात ते तापून गोठतं. कापड बसवून प्लास्टिकच्या पट्टीनं जादा रेझिन ओढून काढा. नखाचा वळ उठतोय तोवर पुढचा हात द्या, मधे घासायला नको. रात्र गेली तर वर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्यानं आणि स्क्रबरनं धुवा, मग २२० नंबरचा पेपर. न धुता घासलात तर मेण आत दाबलं जातं आणि पुढचा थर सोलतो.

इथं बरेच जण थांबतात, आणि चूक तिथंच होते. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. पिवळं पडतं, मग भुकटी होते. वर यूव्ही (अतिनील किरण) रोधक टू-के पीयूचे, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या पॉलियुरेथेन वार्निशचे, २-३ हात हवेतच.

कारवार किनारा
रंधाभाऊ, पोकळीतली हवा आत-बाहेर होऊ देणारा हवेचा स्क्रू बसवलात की नाही? बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे. वर बंद केलेला बोर्ड किनाऱ्यावर आणला की बाहेरचा दाब आठेक टक्के जास्त. त्यात उन्हात तापलेला बोर्ड गार पाण्यात टाकलात तर आतली हवा आकसते आणि बारीक फटीतूनही पाणी ओढते. प्रवासात स्क्रू उघडाच ठेवा. किनाऱ्यावर बोर्ड सावलीत निववा, पाण्यात शिरताना रबरी वॉशरसकट आवळा आणि बाहेर आलात की लगेच सैल करा. बंद बोर्ड घाट चढला की आतून फुगतो आणि कडेचे जोड सुटतात. मग वरचं फिनिश कितीही चांगलं असो.