लेकीचा थायरॉइडचा टीएसएच वाढलाय (डाऊन सिंड्रोम), सोलापुरात परत तपासणी कुठे करू?

सईची_आई (जुळे सोलापूर): नमस्कार. लेक साडेतीन वर्षांची, डाऊन सिंड्रोम आहे. दरवर्षीच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) ८.२ आला, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल. आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, थायरॉइडची गोळी लगेच नको, दोन महिन्यांनी परत बघू. कुठली लॅब चांगली? की दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू? सगळं मिळून दीड हजारात बसवायचंय. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, सध्या आठवड्याला चारच दिवस काम आहे.

विजापूर_वेस: सरळ पुणे गाठा. लहान मुलांच्या हार्मोन्सचे वेगळे डॉक्टर असतात. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस धरायची, रात्री घरी. आम्ही तीन वर्षं हेच करतोय. फीच अठराशे आहे, पण मनाला घोर नाही.

सईची_आई: दादा, दीड हजार वर लिहिलंय.

पूर्वभाग_अक्का: आधी कोबी-फ्लॉवर बंद कर बाळा. माझ्या नणंदेचा थायरॉइड त्यानंच वाढला.

पार्क_चौक: अक्का, शिजवलेला कोबी रोजच्या जेवणाइतका खाल्ला तर काही होत नाही. ह्या मुलांत बऱ्याचदा शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते. मीठ मात्र आयोडीनचं वापरा.

पूर्वभाग_अक्का: आमच्यात वर्षानुवर्षं सैंधवच आहे. सगळे ठणठणीत.

पार्क_चौक: सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं हो.

निनादचा_बाबा: मिठाचं राहू द्या. माझा मुलगा अकरा वर्षांचा, त्यालाही डाऊन आहे. सहाव्या वर्षी चार-चार दिवस शौचाला होईना, कातडी कोरडी, वजन वाढलं, उंची थांबली. जो तो म्हणे, डाऊनच्या मुलांचं असंच असतं. मीही तेच धरून बसलो. टीएसएच जन्मल्यावर, सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि मग दरवर्षी करायचा असतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दीड वर्षानं केला तर ६४! गोळी सुरू झाली आणि दोनेक महिन्यांत पोरगं जिना धावत उतरलं. ते दीड वर्ष माझ्या मनातून जात नाही.

ताई, तुम्हाला वेळेत कळलंय. टीएसएच थोडा जास्त नि टी४ नॉर्मल, असं ह्या मुलांत पुष्कळदा दिसतं, कधी आपोआप खालीही येतं. डॉक्टर बरोबर सांगतायत. फक्त तारीख चुकवू नका. जमलं तर अँटी-टीपीओही (प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटलीय का, ते बघायची रक्ततपासणी) विचारा. ते वाढलेलं असेल तर पुढं लक्ष जास्त ठेवावं लागतं.

होटगी_रोड: पुण्याला +१. वंदे भारतनं जा.

कंबर_तलाव: भाचीला केसांसाठी बायोटिनचं सिरप चालू होतं, त्यानं रिपोर्ट चुकीचा आला नि आम्ही उगाच घाबरलो. असलं काही चालू असेल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा. आणि गोळी उपाशीपोटी द्या. लोह-कॅल्शियमच्या औषधात चार तासांचं अंतर हवं.

सईची_आई: गोळी अजून सुरू नाही. सगळ्यांचं वाचलं, मनापासून आभार. पुण्याला जात नाही. आमच्याच डॉक्टरांकडे तिच्या उंची-वजनाची जन्मापासूनची नोंद आहे. पण दोन महिनेही थांबवत नाही. निनादच्या बाबांचं वाचून रात्री झोप लागली नाही. सोमवारी जाऊन उंची मोजून घेते, तपासणी लवकर करता येईल का तेही विचारते. लॅब मागचीच, म्हणजे आकडे ताडता येतील. गेल्या वेळी शीर सापडेपर्यंत तीनदा टोचलं होतं, म्हणून आजीला सोबत नेतेय. तिच्या मांडीवर सई शांत बसते.