राजापूरच्या कातळावरील बागेसाठी गाडी: थार फोर बाय फोर घ्यावी की जिम्नी?

कातळसडा (प्रश्न)

नमस्कार. राजापूर तालुक्यात आमची आंबा-काजूची कलमबाग आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर बागेकडे जाणाऱ्या वाटेचा वरचा भाग उघड्या कातळावरून, मधला भाग जांभ्याच्या दोन गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) आणि शेवटचा भाग लाल मातीच्या तीव्र उतारावरून जातो. मध्ये एक वहाळ (ओढा) ओलांडावा लागतो आणि पावसाळाभर त्याला पाणी असते. या वाटेवर वर्षभर रोज ये-जा करता यावी आणि अधूनमधून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरलाही जाता यावे, यासाठी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारी) गाडी घ्यायची आहे. महिंद्राची तीन दारांची थार आणि मारुतीची जिम्नी या दोन गाड्यांपर्यंत निवड आली आहे. दोन्हींची लांबी ३९८५ मिलिमीटर आहे, दोन्ही शिडीसारख्या मजबूत चासीवर बांधलेल्या आहेत आणि दोन्हींत चारच माणसे बसतात, त्यामुळे कागदावर निर्णय होत नाही. सोबत बहुधा पत्नी आणि आई असतात. आईच्या गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. हंगामात आंब्याचे क्रेटही न्यावे लागतात. अशा वाटांवर या गाड्या चालवणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाटमाथा

माझा कौल डिझेल थारला आहे. तिचे २.२ लिटरचे इंजिन ३०० न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर) देते आणि तोही इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, त्यामुळे चार माणसे व सामान घेऊन अणुस्कुऱ्याची वळणे चढताना गिअर सारखा बदलावा लागत नाही. जिम्नीच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क १३४ न्यूटन-मीटर आहे; भरलेल्या गाडीने घाट चढताना हा फरक दर वळणावर जाणवतो. वहाळाचा विचार केला तरी थार सरस ठरते, कारण ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते असे कंपनीच सांगते.

किमतीच्या बाबतीत मात्र सावध राहावे. १.५ लिटर डिझेलची थार बरीच स्वस्त पडते, कारण चार मीटरच्या आतील लांबी आणि १५०० सीसीच्या आतील डिझेल इंजिन असल्याने सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्केच जीएसटी लागतो. थारची मोठी इंजिने आणि जिम्नी (पेट्रोल गाडीसाठी मर्यादा १२०० सीसीची आहे) यांच्यावर तो ४० टक्के आहे. पण ती स्वस्त थार केवळ मागच्या चाकांवर चालते, तिच्यात फोर बाय फोर मिळतच नाही. पावसाळ्यात लाल मातीचा उतार चढायचा असेल, तर त्या बचतीच्या मोहात पडू नये.

तिळारीकाठ

घाटमाथा यांनी इंजिनाविषयी लिहिलेले सर्व खरे आहे, तरीही प्रश्नकर्त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी मला टॉर्कपेक्षा महत्त्वाच्या वाटतात: आईंचे गुडघे आणि गडगे.

तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचे तर पुढची सीट दुमडून, पाय उंच उचलून, वाकून आत शिरावे लागते. आई पुढे बसल्या तर पत्नीला प्रत्येक वेळी हीच कसरत करावी लागेल आणि घरी पाहुणे आले की आईंनाच मागे जावे लागेल. पाच दारांच्या जिम्नीत हा प्रश्न येत नाही. मागची सीट उभी असताना तिच्या डिकीत २०८ लिटर जागा असते. ती फार नाही, पण थारमध्ये मागच्या सीटमागे जवळजवळ काहीच उरत नाही. क्रेट जास्त असतील त्या दिवशी दोन्ही गाड्यांत मागची सीट दुमडावीच लागेल, त्यामुळे माल वाहण्यासाठी यांपैकी एकही गाडी खऱ्या अर्थाने योग्य नाही, हे आधीच मान्य करून ठेवावे.

दुसरी बाब रुंदीची. थार सुमारे १८२ सेंटिमीटर रुंद आहे, तर जिम्नी १६४.५, शिवाय जिम्नीचे वजन बाराशे किलोच्या आसपास, म्हणजे थारपेक्षा बरेच कमी आहे. ओल्या मातीत जड गाडी रुतली की ती ओढून काढायला दुसरी तितकीच दमदार गाडी लागते, हलकी गाडी मात्र पुष्कळदा चार माणसांच्या धक्क्याने बाहेर येते. सिंधुदुर्गातील आमच्या पाणंदीत मी जिम्नीच चालवतो आणि चढणीवर लो रेंजमध्ये (वेग कमी, जोर जास्त देणाऱ्या फोर बाय फोर गिअरमध्ये) तिची शक्ती मला कधी अपुरी वाटली नाही. घाटात ती मागे पडते, हे मान्य आहे. सुरक्षिततेविषयी विचाराल तर जिम्नीत सहा एअरबॅग आहेत, थारमध्ये दोन. मात्र थारला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२० च्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाचपैकी चार तारे मिळाले होते, तर तीन दारांच्या जिम्नीला युरो एनकॅपने २०१८ मध्ये तीन दिले होते.

गॅरेज कणकवली

दोन्ही गाड्या गॅरेजमध्ये येतात, म्हणून यंत्रणेपुरते लिहितो.

दोन्हींत मधला डिफरन्शियल (वळताना पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही. त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर हाय (नेहमीच्या वेगाची फोर बाय फोर) लावून वळणे घेऊ नयेत. पुढच्या-मागच्या चाकांत ताण साठतो, स्टिअरिंग जड होते आणि टायर व गिअर झिजतात. ओला कातळ, माती आणि वाळू यांवर ती अडचण नसते. उतारावर लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून ब्रेकवरचा पाय काढावा, कारण ओल्या लाल मातीवर ब्रेक दाबला की चाके थांबतात, पण गाडी घसरतच राहते.

जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग अॅक्सल (डावे-उजवे चाक जोडणारा अखंड दांडा) आहे, म्हणून खडबडीत जागी तिची चाके जमीन सहसा सोडत नाहीत. थारचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे. रस्त्यावर ते अधिक स्थिर वाटते. जमिनीपासूनची उंची थारची २२६ आणि जिम्नीची २१० मिलिमीटर. त्याहून महत्त्वाचा मला पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा फरक वाटतो: जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिलिमीटर असून थारपेक्षा १४ सेंटिमीटरने लांब आहे, त्यामुळे वहाळाचा काठ उभा असेल तर वर येताना तिचे पोट टेकण्याची शक्यता अधिक. काठ फावड्याने थोडा उतरता करून घ्यावा.

आणि टायर. जिम्नीवर येणारे टायर मुख्यतः रस्त्यासाठीचे असतात, लाल चिखलाने त्यांच्या खाचा लगेच भरतात. त्याच मापाचे, म्हणजे १९५/८० आर १५ चे ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर बसवावेत. मोठे माप घातल्यास आधीच बेताची असलेली ओढ आणखी कमी होते.

कातळसडा

सर्वांचे मनापासून आभार. आज टेप घेऊन वाट मोजली. गडग्यांमधील सर्वांत अरुंद वाकणावर १९६ सेंटिमीटर अंतर आहे आणि एका बाजूचा गडगा शेजाऱ्यांचा आहे. वहाळाचे पाणी एरवी गुडघ्याच्या खाली असते, मुसळधार पावसानंतर मात्र काही तास ते मांडीपर्यंत चढते.

तिळारीकाठ

मग थारला दोन्ही बाजूंना सात-सात सेंटिमीटर उरतात, तेही आरसे मिटल्यावर आणि वाट सरळ असती तर. वाकणावर रोज ते जमणार नाही.

घाटमाथा

हे माप पाहता माझा आग्रह मी सोडतो. पाण्याचे मात्र पथ्य पाळावे: जिम्नीच्या चाकाचा मध्य जमिनीपासून सुमारे ३४ सेंटिमीटरवर येतो, त्याच्या वर पाणी असेल किंवा गढूळ पाण्याला ओढ असेल, तर ते ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे. मांडीएवढ्या वाहत्या पाण्यात थारही घालू नये.

कातळसडा

पटले. जिम्नीची मॅन्युअल गाडी चाचणीसाठी थेट आमच्या वाटेवर आणावी, अशी विनंती शोरूमला केली आहे. आईला मागे बसवून उतार उतरून पाहतो आणि मगच नोंदणी करतो.