आजारपणात घर गप्प झालंय, हसू आणि थोडा आराम कसा आणायचा?

पाऊलवाट:
पोटाची शस्त्रक्रिया होऊन थोडे दिवस झालेत आणि आता केमो सुरू आहे, असा रुग्ण घरात आहे. औषधं, पथ्यपाणी व्यवस्थित चाललंय. पण घरात कुणी हसलं तरी बाकीचे दचकतात. विनोद करावा का, केला तर कसा? आणि औषधांपलीकडे त्याला रोज थोडं बरं वाटावं म्हणून काय करता येईल? ‘मन प्रसन्न ठेवा’ सगळेच सांगतात, प्रत्यक्ष करता येईल असं सांगा.

रातपाळी:
आधी टाक्यांचं बघा. हसताना पोट ताणलं जातं, कळ येते, म्हणून रुग्ण हसू दाबतो आणि घरच्यांना वाटतं त्याला आवडलं नाही. छोटी घट्ट उशी किंवा घडी घातलेला टॉवेल टाक्यांवर दोन्ही हातांनी धरायला द्या, गुडघे थोडे दुमडलेले असू देत. खोकतानाही हेच. उशी कायम हाताशी हवी, कारण हसू आल्यावर ती शोधण्यात अर्थ नाही. तोंडात घास असताना मात्र हसवू नका, ठसका लागतो.

विनोदाची सुरुवात रुग्णाला करू द्या. तो सलाईनच्या स्टँडवर किंवा स्वतःच्या टकलावर काही बोलला की मोकळेपणाने हसा. ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून त्याला गप्प केलं की तो पुन्हा तुमच्यासमोर तोंड उघडत नाही. बहुतेक घरं इथेच चुकतात. आपण बोलायचं ते वस्तूंवर, गैरसोयींवर. त्याच्या शरीरावर, मरणावर तो बोलला तर ऐका, पण त्यात भर घालू नका. रिपोर्ट यायचा असेल, मळमळ असेल तेव्हा काहीच नको. वेदनाशामक गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या-एक तासाने जरा हलकं वाटतं, ती वेळ चांगली.

निळी शाई:
केमोत तोंड आलं की माणूस बोलतही नाही, मग हसणं दूरच. एक कप (सुमारे 240 मिली) कोमट पाण्यात पाव छोटा चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घाला. जेवणानंतर आणि झोपताना चूळ भरायची, गिळायचं नाही, नंतर साध्या पाण्याने तोंड धुवायचं. मीठ अंदाजे टाकू नका. जास्त झालं की झोंबतं आणि रुग्ण दुसऱ्यांदा चूळ भरायला तयार होत नाही. अल्कोहोल असलेला माउथवॉश बंद.

तोंडाला बरं वाटावं म्हणून बर्फ चघळायला देण्याआधी केमोच्या औषधाचं नाव विचारून घ्या. ऑक्सालिप्लॅटिन चालू असेल तर थंडाने घसा आवळल्यासारखा होतो, बोटांना मुंग्या येतात.

पाय गार पडत असतील तर गरम पाण्याची पिशवी दोन तृतीयांशच भरा. पाणी उकळतं नको. हवा दाबून काढा, मग बूच लावा. टॉवेलात गुंडाळून 15-20 मिनिटं पुरे. केमोने पाय बधिर झाले असतील तर पिशवी नकोच, भाजलेलं कळत नाही. जाड मोजे घाला.

पाऊलवाट:
उशीचं माहीतच नव्हतं. विनोदी व्हिडिओ लावून दिले की तो भिंतीकडे तोंड करून पडतो, त्याचं काय?

रातपाळी:
लावून देऊन निघून जाऊ नका, शेजारी बसून बघा. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटाने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मनापासून हसल्यावर वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली दिसली, आणि असं हसणं सोबतीतच जास्त येतं. पाच-दहा मिनिटांचं, त्याच्या ओळखीचं, आधी आवडलेलं निवडा. नव्या गोष्टीचा धागा धरून ठेवायला डोकं लागतं आणि थकव्यात तेच चालत नाही. ‘हे, ते, की काहीच नको?’ असं विचारा आणि ‘काहीच नको’ म्हणाला तर खरंच बंद करा. हसतोय का म्हणून त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका.

निळी शाई:
एक राहिलं. दोन आठवडे जवळजवळ रोज तो उदास असेल, आवडीच्या कशातच मन रमत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. केमोच्या पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. त्यावर उपचार आहेत.