विषय: मुंबई ते न्यूयॉर्क, नक्की किती तास?

नमस्कार मंडळी,

आई जूनमध्ये मुंबईहून न्यूयॉर्कला एकटीच येतेय. तिकिटावर रात्री १ वाजता निघून त्याच तारखेला सकाळी ७ ला पोचायचं आहे. "सहाच तास होय!" म्हणून ती खूश. परतीचं मात्र शनिवारी दुपारी १२ ते रविवारी सकाळी ११:३०, ते पाहून धसकाच घेतलाय. खरा वेळ किती धरू? तिच्या गोळ्यांच्या वेळा बसवायच्या आहेत.

---

उत्तर:

ताई, तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. जूनमध्ये न्यूयॉर्क भारताच्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणून येताना सहात साडेनऊ मिळवा: साडेपंधरा तास. परतीच्या साडेतेवीसमधून साडेनऊ वजा करा: चौदा.

गोळ्यांसाठी सांगतो. माझ्या वडिलांच्या वेळी त्यांचं मनगटी घड्याळ उतरेपर्यंत मुंबईच्याच वेळेवर ठेवलं होतं. आईंचं विमान उतरेल तेव्हा मुंबईत दुपारचे साडेचार वाजलेले असतील. म्हणजे सकाळी आठची आणि दुपारी दोनची गोळी विमानातच. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून गोळ्यांसकट हातातल्या पर्समध्ये द्या, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको. इथे आल्यावर वेळा कशा सरकवायच्या, ते निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारा. आणि व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा, इमिग्रेशनच्या रांगेत फार उभं राहावं लागतं.

---

उत्तर:

काकांनी हिशेब चोख मांडलाय. पण अंतर तेच असताना दीड तासाचा फरक का, हे राहिलं. सरळ हवाई अंतर साधारण १२,५५० किमी, जाता-येता सारखंच. फरक पडतो वाऱ्याने. नऊ ते बारा किमी उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. भारतात जाताना ती पाठीशी असते, इकडे येताना समोरून. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर हजार किमीहून जास्त वाढलं, तरी पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी आल्याने वेळ कमी लागला! मला हे उदाहरण फार आवडतं. किलोमीटर बघून तास काढू नयेत ते यासाठीच.

घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा. तो, म्हणजे सर्वात जवळचा मार्ग, रशियावरून, आइसलँडच्या बाजूने जातो. २०२२ पासून अमेरिकन कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, त्यामुळे त्यांना वळसा पडतो. कंपनी बदलली तर तास पुन्हा तपासा.

---

उत्तर:

मनापासून आभार! आईला फोनवर सगळं सांगितलं. घड्याळ मुंबईच्याच वेळेवर राहणार म्हटल्यावर तिचा आवाजच बदलला. साडेपंधरा तासांचं तिला काही वाटलं नाही. मागे ठेवू की पुढे, याचीच धास्ती होती. कागद आज रात्री लिहून पाठवतेय.