सायनस नाही, क्लस्टर असू शकतं

"डोकं दुखतंय, नाक गळतंय, डोळ्यातून पाणी येतंय म्हणजे सायनसच" असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, ते नाही पटलं, याच समजुतीपायी माझ्या धाकट्या भावाने दोन वर्षं सायनसच्या गोळ्या खाल्ल्या. त्याला होतं क्लस्टर, म्हणजे एकाच बाजूला अटॅक येऊन होणारी भयंकर डोकेदुखी. त्यात ट्रायजेमिनल नर्व्ह (चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी नस) दुखायला लागली की तिच्यासोबत पॅरासिम्पथेटिक नसाही (अश्रू, नाकातलं पाणी आपोआप सोडणाऱ्या) चाळवतात, म्हणून ज्या बाजूचं डोकं त्याच बाजूचा डोळा लाल होतो, नाक चोंदतं नाहीतर गळतं. आणि त्याच बाजूची पापणी खाली येते, बाहुली बारीक होते, ते सिम्पथेटिक नसा (पापणी वर धरणाऱ्या, बाहुली मोठी करणाऱ्या) ढिल्या पडल्यामुळे. सायनसमध्ये पापणी अशी पडत नाही हो!

दुसरं म्हणजे मायग्रेनवाला अंधारात गप पडून राहतो, माझा भाऊ मात्र रात्री दोनच्या ठोक्याला उठून हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचा, मुठीने कपाळ दाबत, तासाभराने सगळं शांत. रोज तीच वेळ, कारण शरीराचं घड्याळ सांभाळणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भागही यात असतो. शेवटी न्यूरॉलॉजिस्टने मास्कवाटे मिनिटाला १२ लिटर ऑक्सिजन दिला, पंधरा मिनिटांत तो खुर्चीत टेकून बसला. तेव्हा प्लीज, अटॅक चालू असताना डोळ्याचा फोटो काढून ठेवा आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.