छोट्या महाविद्यालयाने रुग्णालयाशी विद्यार्थी-आरोग्याचा करार करताना काय पाहावे?

प्रश्न : विद्यार्थी विकास अधिकारी, काटोल रोड

नमस्कार. नागपूरच्या हद्दीवरील एका अनुदानित महाविद्यालयात मी विद्यार्थी विकासाचे काम पाहते. आमचे बरेच विद्यार्थी भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचे असून भाड्याच्या खोलीत किंवा वसतिगृहात राहतात. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ च्या निकालात सांगितल्यापासून आमच्याकडे हालचाल सुरू झाली आहे. पूर्णवेळ पद मिळण्याची चिन्हे नाहीत, म्हणून एका रुग्णालयाशी सामंजस्य करार करावा असे ठरले आहे. मसुद्यात ‘जनजागृती’, ‘शिबिरे’, ‘परस्पर सहकार्य’ असे शब्द आहेत. परंतु दुपारी चार वाजता एखादी मुलगी माझ्यासमोर रडत बसली आणि ‘मॅडम, मला जगावंसंच वाटत नाही’ म्हणाली, तर मी नेमका कोणाला फोन करायचा, याचे उत्तर त्यात कोठेही नाही. अशा करारात काय असायलाच हवे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : समुपदेशक, धरमपेठ

मॅडम, आपण विचारलेला फोनचा प्रश्न हाच कराराचा गाभा आहे. आजवर मी पाहिलेल्या अनेक करारांवर समारंभपूर्वक सह्या झाल्या, छायाचित्रे निघाली, कागद महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत गेला आणि पुढे वर्षाकाठी एक व्याख्यान एवढाच त्याचा उपयोग राहिला. त्यामुळे महाविद्यालयातून निघालेला विद्यार्थी डॉक्टरांपर्यंत कसा पोहोचेल आणि तेथून परत कसा येईल, ती संपूर्ण वाट मसुद्यात लिहून घ्या.

सरकारी रुग्णालयाची ओपीडी सकाळची, आणि आपली तासिकाही सकाळचीच. नागपूरची मेडिकल व मेयो ही शासकीय रुग्णालये किंवा मिहानमधील एम्स येथे मनोविकारशास्त्र विभाग आहेत, परंतु पहिल्यांदाच जाणारे एकोणीस वर्षांचे मूल केसपेपरच्या रांगेतूनच परत फिरते. म्हणून आठवड्यातील एक ठरावीक वेळ आपल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावी, दोन्ही बाजूंना एकेक जबाबदार व्यक्ती पदनाम व भ्रमणध्वनीसह नेमावी, ती व्यक्ती रजेवर असताना काम कोण पाहील हेही लिहावे, आणि पहिल्या भेटीला विद्यार्थ्याची इच्छा असल्यास सोबत कोण जाईल ते ठरवावे. ही सोबतीची बाब किरकोळ वाटते, पण बहुतेक वेळा साखळी तेथेच तुटते.

आपल्या उदाहरणातील मुलीला मात्र राखीव वेळेची वाट पाहायला लावता येणार नाही. अशा वेळी तिला एकटे सोडू नये, स्वतःला इजा करण्याचा विचार आहे का हे शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे (विचारल्याने तो विचार बळावतो, ही समजूत चुकीची आहे) आणि धोका दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. यासाठी रुग्णालयाने चोवीस तास उचलला जाणारा क्रमांक करारातच द्यावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक वसतिगृहात व वर्गांत ठळक लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालात सांगितले आहे.

गोपनीयतेचे कलम स्वतंत्र ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. विद्यार्थी आला होता का आणि अभ्यासात कोणती सवलत आवश्यक आहे, एवढेच त्याच्या संमतीने महाविद्यालयाला कळावे. निदान आणि औषधे कळण्याचे काही कारण नाही.

पदाच्या अडचणीवर एक मार्ग आहे. एकाच रस्त्यावरील तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक समुपदेशक ठेवावा आणि वार वाटून घ्यावेत. इंग्लंडमध्ये ग्रेटर मँचेस्टर भागातील विद्यापीठांनी सार्वजनिक आरोग्य यंत्रणेबरोबर २०१९ मध्ये अशीच एक सामाईक सेवा उभी केली. आपली ऐपत तेवढी नसली तरी खर्च वाटून घेण्याचे तत्त्व येथेही लागू पडते.

उत्तर २ : निवृत्त परिचारिका, मेडिकल चौक

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र करार केवळ मनाच्या आजारांपुरता ठेवू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ताई, तुमची मुले ज्या भागांतून येतात तेथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. उन्हाळी परीक्षा ज्या दिवसांत होतात तेव्हा नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, खोलीवर कूलर असतोच असे नाही, मुले पाणी कमी पितात, रात्रभर जागतात. आणि शरीरातील पाणी कमी होणे हे सिकलसेलच्या तीव्र वेदना सुरू होण्याचे एक मुख्य कारण आहे. हातपाय, पाठ, छाती यांत असह्य कळा येतात. परीक्षागृहात पर्यवेक्षकाला हे माहीत नसेल, तर त्याला ते पेपर टाळण्याचे निमित्त वाटते.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी हा त्याचा भाग आहे, म्हणजे तुमचे सर्व पदवी विद्यार्थी त्यात बसतात. जिल्हा आरोग्य यंत्रणेला या करारात तिसरा भागीदार करून घ्या. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक असते, पक्के निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतील रक्तचाचण्यांनीच होते. म्हणून दुसऱ्या चाचणीची आणि नंतरच्या समुपदेशनाची सोय नसेल तर शिबिर घेऊच नका. वाहक असणे (दोष अंगात असतो, पण आजार नसतो) आणि रुग्ण असणे यांतील फरक न सांगता हातात नुसता कागद दिलेल्या मुलींच्या लग्नाच्या बोलण्यांत काय काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. निकाल प्रत्येकाला एकट्याला बोलावूनच द्यावा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा रुग्ण विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळवण्यासाठी महाविद्यालयाने मदत करावी.

उत्तर ३ : पदव्युत्तर विद्यार्थी, महाल

विद्यार्थ्यांच्या बाजूने थोडे लिहितो. समुपदेशनाची खोली प्राचार्यांच्या कक्षाशेजारी असेल तर तेथे कोणीही जाणार नाही, कारण बाहेरच्या बाकावर बसलेला प्रत्येक जण सर्वांना दिसतो. ग्रंथालयाच्या मागची एखादी खोली चालेल. तसेच नाव नोंदवण्यासाठी वर्गशिक्षकांची सही लागू नये. घरी कळवले जाईल ही भीती सर्वांत मोठी असते. कोणत्या परिस्थितीत घरी कळवले जाते आणि कोणत्या परिस्थितीत नाही, हे प्रवेशाच्या वेळीच सांगितले तर ती बरीच कमी होईल.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. राखीव वेळ, चोवीस तासांचा क्रमांक, गोपनीयता आणि सिकलसेलची दुसरी चाचणी हे मुद्दे मसुद्यात घालत आहे, आणि आमच्याच रस्त्यावरील दोन महाविद्यालयांशी सामाईक समुपदेशकाबाबत बोलणार आहे. एक शंका उरते. सोबत जाणाऱ्या शिक्षकाचा प्रवासखर्च आणि तो वेळ कशात दाखवावा?

उत्तर १ : समुपदेशक, धरमपेठ

प्राचार्यांकडून आदेश काढून ते कर्तव्यावरील काम म्हणून नोंदवून घ्या आणि खर्चाची तरतूद विद्यार्थी कल्याणाच्या शीर्षाखाली महाविद्यालय विकास समितीत मंजूर करून घ्या. आदेशात आणि देयकात विद्यार्थ्याचे नाव येऊ देऊ नका. तेथे केवळ नोंद क्रमांक असावा.